दिलेल्या पैशाचा हिशोब

ज्या घरात महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक पगार येतो, त्या घरातील माणसांस उत्पन्नाची अनिश्चितता म्हणजे काय, हे पुष्कळदा ऐकूनच ठाऊक असते. मी शाळामास्तर होतो. पगार बेताचाच, पण ठरलेला. त्यामुळे घरच्या किर्दीत जमेची बाजू लिहावयास मला अर्धे मिनिट पुरत असे. याच्या अगदी उलट माझ्या एका चुलत्यांचे होते. ते भिक्षुकी करीत. श्रावण-भाद्रपदात त्यांच्या घरी दक्षिणा व शिधा यांची रेलचेल असे. पौष महिना लागला म्हणजे काकू डब्यांची तळे खरवडू लागत. कोणी त्यांना ‘तुमचे वर्षाचे उत्पन्न किती?’ असे विचारले असते, तर काकांनी बोटे मोजून काही तरी आकडा सांगितलाही असता. परंतु त्या आकड्यावरून त्यांच्या घरी पौषात चूल कशी पेटे, हे मात्र कोणाला उमगले नसते. उत्पन्न वर्षाचे मोजावे लागते आणि पोट रोजचे भरावे लागते, ही अडचण फार जुनी आहे.

या अडचणीने एका बलाढ्य देशाच्या सरकारास बावीस वर्षे कसे सतावले, आणि सरकारापेक्षाही त्या देशातील गरीब गृहस्थांस कसे सतावले, ते आज सांगावयाचे आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २००३ पासून ‘टॅक्स क्रेडिट’ नावाची एक योजना चालू होती. ती ५ एप्रिल २०२५ रोजी बंद झाली. बंद झालेल्या योजनेचे पुराण वाचकांस कशाला, असे कोणी म्हणेल. तथापि आपल्यातील कितीतरी कुटुंबांची मुलेमुली तिकडे नांदत आहेत. आणि उत्पन्न पाहून घरोघर पैसे वाटण्याची रीत आता आपल्या राज्यातही रुजू लागली आहे. दुसऱ्याच्या घरी जे घडले ते समजून घेतलेले बरे असते.

प्रथम नावाचा उलगडा करतो. ‘टॅक्स क्रेडिट’ म्हटले म्हणजे करात मिळणारी सूट असे वाटते; पण वस्तुतः हे रोख साहाय्य होते, आणि ज्यास एक पैचाही कर द्यावा लागत नाही त्यालाही ते मिळे. त्याचे दोन प्रकार होते. एक मुलाबाळांच्या पालनासाठी. दुसरा काम करूनही ज्यांची प्राप्ती अपुरी पडते अशांसाठी. गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना, २००२ च्या कायद्यान्वये ही योजना आली. हेतू चांगलाच होता. काम न करता मदतीवर बसणाऱ्यापेक्षा काम करणाऱ्याच्या हाती चार पैसे अधिक पडावेत, आणि मुलांची आबाळ होऊ नये, असा तो हेतू. वाटपाचे काम कर वसूल करणाऱ्या महसूल खात्याकडेच सोपविले होते. येथेच मला प्रथम थोडे कौतुक व थोडी चिंता वाटली. घेण्याची ज्याला सवय, त्याच्या हातून देणे कसे होते, हे पाहण्यासारखे असते.

आता हिशोबाची रीत पाहू. तिकडील आर्थिक वर्ष ६ एप्रिलला सुरू होते. वर्ष सुरू होताना त्या वर्षाचे उत्पन्न कोणालाच ठाऊक नसते; म्हणून खाते मागील वर्षाचे उत्पन्न धरून अदमासाने हप्ते ठरवी आणि दर आठवड्यास किंवा चार आठवड्यांनी पैसे खात्यात जमा करी. वर्ष संपल्यावर एक कागद घरी येई. तो तपासून साधारणतः ३१ जुलैपर्यंत खरे उत्पन्न कळवावयाचे. मग खाते पुन्हा सारा हिशोब मांडी. कमी दिले असेल तर उरलेले देई; अधिक दिले असेल तर ते परत मागे. कागदावर ही रीत निर्दोष दिसते. वर्गात मी मुलांस हाच हिशोब घातला असता, तर हुशार मुलाने दहा मिनिटांत सोडविला असता.

एक उदाहरण घेऊ. २०१६ च्या एप्रिलनंतरचे नियम धरू. एका जोडप्याचे मागील वर्षाचे उत्पन्न १६,००० पौंड होते. चालू वर्षी नवऱ्यास जादा काम मिळाले आणि दोघांचे मिळून उत्पन्न २२,५०० पौंड झाले. वाढ झाली ६,५०० पौंडांची. त्यातील पहिले २,५०० पौंड त्या वर्षापुरते सोडून देत, राहिले ४,०००. मर्यादेवरील उत्पन्नाच्या प्रत्येक पौंडामागे साहाय्य ४१ पेन्सांनी कमी होई. म्हणजे ४,००० पौंडांमागे १,६४० पौंड कमी. आता ही वाढ त्या कुटुंबाने मध्येच कळविली नाही, तर जुन्या अदमासाप्रमाणे हप्ते येतच राहणार. आणि वर्षअखेर १,६४० पौंड ‘अधिक दिलेले’ ठरणार. पुढे आणखी एक मेख आहे. नवे वर्ष सुरू झाले की २२,५०० हे संपूर्ण उत्पन्न धरावयाचे, तेथे २,५०० ची सूट नाही. पण नवा कागद भरून परत जाईपर्यंत हप्ते जुन्याच हिशोबाने चालू. म्हणजे एप्रिलपासून उन्हाळाभर पुन्हा काही तरी अधिक जमा होऊन बसणार. उलट उत्पन्न घटले तर? २०१२ पासून घटीतील पहिले २,५०० पौंडही मोजेनासे झाले. ज्याचे उत्पन्न ४,००० ने घटले त्याची फक्त १,५०० ची घट धरावयाची, आणि साहाय्य वाढावयाचे ते ६१५ पौंडांनी. नोकरी गेली त्या घरास हे किती पुरणार!

या योजनेच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे २००३-०४ साली, सुमारे १९ लाख कुटुंबांस मिळून सुमारे २.२ अब्ज पौंड अधिक दिले गेले असे वर्षअखेरच्या हिशोबात निघाले. वाचकांनी क्षणभर थांबून या आकड्याचा विचार करावा. एकोणीस लाख घरे एकाच वर्षी लबाड निघत नाहीत. बहुतेकांचा गुन्हा इतकाच, की त्यांचे उत्पन्न वाढले होते किंवा संसारात काही बदल झाला होता. काही ठिकाणी नव्या संगणकयंत्रणेने घोटाळे केले, काही ठिकाणी कारकुनांनी आकडा चुकीचा घातला. संसदेच्या लोकपाल ॲन अब्राहम यांनी जून २००५ मध्ये या सर्वाचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि पहिल्या दोन वर्षांत खात्याच्या चुकीने जे अधिक गेले ते सोडून देण्याचा विचार व्हावा, अशी शिफारस केली. सरकारने एक उपाय निराळाच केला. उत्पन्नवाढीतील सूट आरंभी २,५०० पौंडांची होती, ती २००६ च्या एप्रिलपासून एकदम २५,००० केली. यामुळे वर्षाच्या मध्ये पगार वाढला म्हणून कर्जबाजारी होण्याचे प्रकार पुष्कळ कमी झाले. पण हा उदारपणा महाग पडतो असे पुढील राज्यकर्त्यांस वाटले. २०११ मध्ये सूट १०,००० वर आली, २०१३ मध्ये ५,००० वर, आणि २०१६ मध्ये पुन्हा मूळच्या २,५०० वर. तेरा वर्षांत चाक फिरून होते तेथेच आले.

संस्कृत शिकवीत असताना रघुवंशाचा पहिला सर्ग मी कितीदा तरी शिकविला असेन. त्यात कालिदासाने राजाच्या करास सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य पाणी शोषून घेतो तो हजारपटीने परत देण्यासाठीच, तसा दिलीप राजा प्रजेकडून कर घेई. उपमा सुंदर आहे, आणि घेऊन देण्याचा न्याय तीत पुरा सांगितला आहे. परंतु देऊन पुन्हा घेण्याचा प्रसंग कवीच्या डोळ्यांपुढे नव्हता. पाऊस पडून गेला, शेताने पाणी पिऊन टाकले, पीक उभे राहिले, माणसांनी ते खाल्ले. आणि मग आकाशातून निरोप आला की, ‘तुमच्या शेतावर दोन घागरी अधिक पडल्या, त्या आठ दिवसांत परत करा’, तर शेतकऱ्याने काय करावे? टॅक्स क्रेडिटची सारी दुःखे या दोन घागरींची आहेत. पैसा आला तो पोरांच्या बुटांत, दुधात आणि घरभाड्यात गेला. तो कोणी पेटीत साठवून ठेवला नव्हता.

हे मी पुस्तकी ज्ञानाने बोलत नाही. माझ्या बहिणीची मुलगी लग्न होऊन तिकडे गेली. आता ती व जावई तेथलेच नागरिक आहेत. जावई एका कोठारात माल उतरविण्या-चढविण्याचे काम पाहतात, आणि भाची एका दुकानात तासांवर काम करते. दोन मुले. वर दिलेले उदाहरण, रकमा गोल केल्या आहेत इतकेच, तिच्याच घरचे आहे. त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. थोरल्या दिरांकडे राहणाऱ्या तिच्या सासूबाई हिच्याकडे राहावयास आल्या आणि म्हणाल्या, “मी असताना नातवंडे परक्यांच्या हाती कशाला?” मुले पाळणाघरातून काढली. आपल्याकडील कोणत्याही घरात याहून आनंदाची गोष्ट ती कोणती! नातवंडांस आजीच्या हातचा वरणभात मिळू लागला, मराठी बोलणे कानी पडू लागले. परंतु योजनेच्या दृष्टीने हा एक ‘बदल’ होता. पाळणाघराच्या खर्चाचा ७० टक्के भाग साहाय्यात मिळे. आठवड्यास १२० पौंड फी असली तर ८४ पौंड. नोंदलेल्या पाळणाघराचा खर्च तेवढा धरीत. घरच्या आजीने केलेल्या संगोपनास त्या कोष्टकात रकाना नव्हता. आणि फीमध्ये आठवड्यास १० पौंडांची किंवा त्याहून अधिक घट झाली तर ती एका महिन्याच्या आत कळविणे आवश्यक होते. भाचीला वाटले, वर्षअखेर कागद येतोच, तेव्हा सारे एकदम लिहू. वीस आठवडे गेले. वीस गुणिले चौऱ्याऐंशी, म्हणजे १,६८०. त्यात उत्पन्नवाढीचे १,६४० मिळवा. एकूण ३,३२० पौंड.

तिचा रात्री दूरध्वनी आला. प्रथम इकडचे तिकडचे विचारून झाले, मग गळा दाटून ती म्हणाली, “मामा, मी चोरी केली का हो?” मी तिला म्हटले, “अगं, चोरी करणारा लपवितो. तू तर सगळे लिहून पाठविलेस म्हणून तर हा आकडा निघाला.” ती म्हणाली, “पण पत्रात तसे वाटत नाही. आणि यांना सांगितल्यापासून हे जेवलेले नाहीत.” मी तिला सारे कागद पाठवावयास सांगितले आणि दोन संध्याकाळी बसून हिशोब पडताळला. हिशोब बरोबर होता. खात्याने यत्किंचितही चूक केली नव्हती, आणि भाचीच्या मनातही कपट नव्हते. कोणाचाही दोष नसता एक घर कर्जात पडले होते. आणि मला वाटते, या प्रकरणातील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट हीच आहे.

फेड कशी झाली तेही सांगतो. पुढील हप्त्यांतून वसुली करण्याची सोय होती. अगदी गरीब, ज्यांस पूर्ण साहाय्य मिळे, त्यांच्या हप्त्यातून दहावा हिस्सा कापीत. इतरांच्या हप्त्यातून चौथा. आणि २०१६ पासून ज्यांचे उत्पन्न २०,००० पौंडांच्या वर, त्यांच्या हप्त्यातून निम्म्यापर्यंत. भाची या शेवटच्या वर्गात गेली होती. तिचा नवा हप्ता मुळातच आठवड्यास ऐंशी-ब्याऐंशी पौंडांवर उतरला होता, त्यातील निम्मा कापला जाऊ लागला. सुमारे दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षात जावयांनी रविवारीही काम केले. सासूबाईंनी मनास लावून घेतले की, आपण आलो म्हणून हे झाले. त्यांची समजूत घालता घालता भाची थकून गेली. हिशोबाच्या कागदावर या गोष्टींची नोंद कोठेच नसते.

येथे न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. माझ्या परिचयाचे एक निवृत्त हिशोबतपासनीस आहेत. त्यांना ही हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, अधिक आलेला पैसा कोणाचा? दुसऱ्या करदात्याचाच ना? बँकेने चुकून तुमच्या खात्यात शंभर रुपये जास्त भरले तर तुम्ही परत करणार की नाही?” प्रश्न योग्य आहे. सरकारी तिजोरी ही कोणा परक्याची नव्हे. ती आपल्याच शेजाऱ्याच्या घामाची आहे. ज्याने जाणूनबुजून उत्पन्न लपविले, त्याच्याकडून वसूल करावे, दंडही करावा. पण बँकेच्या शंभर रुपयांत आणि या पैशांत एक भेद आहे. बँकेचे पैसे आपले नव्हेत हे मला त्याच दिवशी पासबुकात दिसते. येथे देणारा स्वतःच पत्र लिहून कळवितो की, ‘ही रक्कम तुमची’. ती तो दर आठवड्यास देतो. आणि वर्ष-दीड वर्षाने म्हणतो की, ती तुमची नव्हती. अनिश्चितता दोघांच्या मध्ये उभी असता तिचे ओझे कोणाच्या खांद्यावर घालावे? ज्याचा खांदा मोठा त्याच्या, असे मला वाटते. २५,००० पौंडांची सूट हा याच तत्त्वाचा स्वीकार होता. म्हणूनच तिचा संकोच होत गेला याचे मला वाईट वाटते.

चूक खात्याची असेल तेव्हा काय होई? यासाठी ‘कोड ऑफ प्रॅक्टिस २६’ नावाची एक पत्रिका होती. तीत दोन्ही पक्षांची कर्तव्ये वाटून दिलेली असत. निर्णयपत्र आले की गृहस्थाने ते ओळीने वाचावे, मुलांची संख्या, कामाचे तास, उत्पन्न ताडून पाहावे, आणि चूक दिसल्यास तीस दिवसांच्या आत कळवावी. खात्याने कळविल्यापासून तीस दिवसांत ती दुरुस्त करावी. गृहस्थाने आपली सर्व कर्तव्ये पाळली आणि खात्याने पाळली नाहीत, असे ठरले तर तेवढी रक्कम परत मागावयाची नाही. २००८ च्या आरंभापूर्वी कसोटी निराळी होती. ‘आपला हप्ता बरोबरच आहे असे या माणसास वाटणे स्वाभाविक होते काय’, असे पाहत. त्या कसोटीत माणसाच्या मनाचा विचार होता, नव्या कसोटीत कागदांचा. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, साहाय्याचा आकडा चुकला असेल तर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येई. परंतु अधिक गेलेले वसूल करावे की सोडावे, या निर्णयावर तेथे अपील नव्हते. तो वाद खात्याकडेच न्यावयाचा, तोही तीन महिन्यांत. आकड्यास न्यायाधीश होता, दयेस नव्हता.

या बाबतीत ब्रिटनच एकटे नाही. नेदरलंड्समध्ये पाळणाघराच्या खर्चासाठी असेच आगाऊ साहाय्य मिळे. तेथे एखादी सही राहिली, खर्चाचा थोडा भाग सिद्ध करता आला नाही, तरी वर्षाचे सगळे साहाय्य परत मागण्यात येऊ लागले, आणि हजारो आईबापांवर फसवणुकीचा शिक्का बसला. त्यांत परदेशी मूळ असलेल्यांची संख्या मोठी होती. घरे विकली गेली, संसार मोडले. संसदीय समितीने डिसेंबर २०२० मध्ये याला ‘अभूतपूर्व अन्याय’ असे नाव दिले, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला. चुकीस लबाडी म्हटले म्हणजे काय होते, याचा हा धडा आहे.

ऑस्ट्रेलियातील प्रकार तर गणिताच्या मास्तरास विशेष लागण्यासारखा आहे. तेथे साहाय्य घेणाऱ्याने दर पंधरवड्यास आपली कमाई कळवावयाची असे. पुढे सरकारने यंत्राकडून पडताळणी सुरू केली. यंत्र कर खात्यातील वर्षाची कमाई घेई आणि तिला २६ ने भागी. समजा, एखादा तरुण वर्षातील १३ पंधरवडे २,००० डॉलरप्रमाणे कमावीत होता, आणि उरलेले १३ बेकार होता. वर्षाची कमाई २६,००० डॉलर, भागाकार १,०००. यंत्र म्हणे, ‘तू बेकार असल्याचे सांगितलेस, त्या पंधरवड्यांतही तू १,००० कमावीत होतास, साहाय्य परत कर.’ सरासरी काढणे आम्ही पाचवीत शिकवितो, आणि सरासरी म्हणजे वस्तुस्थिती नव्हे हेही त्याच तासाला सांगतो. या रीतीने सुमारे ४,३३,००० माणसांवर मिळून १.७ अब्ज डॉलरांहून अधिक खोटे कर्ज लादले गेले. २०१९ च्या नोव्हेंबरात ही रीत थांबली; न्यायालयात सरकारास हार खावी लागली; आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाने अत्यंत कठोर अहवाल दिला. माझ्या भिक्षुक काकांच्या श्रावणास आणि पौषास कोणी बारांनी भागले असते, तर असेच झाले असते.

ब्रिटनने टॅक्स क्रेडिटच्या जागी आता ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ आणले आहे. त्यात वर्षाऐवजी महिन्याचा हिशोब असतो, आणि मालकाने पगार दिला की त्याचा आकडा सरकारकडे जातो. ही सुधारणा खरी आहे. वर्षाअखेरचा मोठा धक्का तीत टळतो. तथापि महिन्याच्या मापातही खाचखळगे निघालेच. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुट्टी आली म्हणून पगार दोन दिवस आधी झाला, की एकाच हिशोबमहिन्यात दोन पगार दिसत आणि साहाय्य कोसळे. चार मातांनी न्यायालयात दाद मागितली, आणि जून २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ही रीत विवेकास सोडून आहे असा निवाडा दिला. जुन्या योजनेतील थकबाकी मात्र योजना मिटली तरी मिटली नाही; ती नव्या हप्त्यांतून वळती होते. माप वर्षाचे घ्या, महिन्याचे घ्या, माणसाचे जगणे त्या मापाच्या काठावरून थोडे बाहेर सांडतेच.

आता आपल्याकडे वळू. आपल्या राज्यात २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत महिन्यास १,५०० रुपये देण्यास आरंभ झाला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांहून अधिक नसावे अशी अट घातली गेली. पुढे २०२५ मध्ये छाननी होऊन अनेक नावे वगळली गेली. येथे ब्रिटनसारखी उतरण नाही, एकदम कडा आहे. नियमाप्रमाणे उत्पन्न अडीच लाखांवर पाचशे रुपयांनी गेले तरी वर्षाचे १८,००० रुपये जातात. शिवाय कुटुंब म्हणजे कोण, हा आपला सनातन प्रश्न आहेच. एका चुलीवर जेवणाऱ्या तीन भावांत एकाचा पगार आहे, दुसऱ्याची शेती आहे आणि तिसरा बेकार आहे, तर उत्पन्न कोणाचे म्हणावयाचे? अशा योजना आखणाऱ्यांनी देण्याच्या दिवशीच परत घेण्याचे नियम ठरवून, ते लोकांच्या भाषेत सांगून ठेवावेत. चूक, अज्ञान आणि लबाडी या तीन वस्तू निराळ्या आहेत. त्यांस तीन निराळी पत्रे लिहावीत. आणि वसुली करावयाचीच असेल तर ती चूल विझणार नाही इतक्या बेताने करावी.

वाचकांपैकी ज्यांची मुले परदेशी आहेत, किंवा ज्यांच्या घरी कोणतेही सरकारी साहाय्य येते, त्यांस मी दोन-तीन घरगुती गोष्टी सुचवितो. घरात एक वही ठेवावी. पगारात, कामाच्या तासांत, माणसांच्या येण्याजाण्यात जो बदल होईल तो तारखेसह तीत लिहावा आणि त्याच आठवड्यात कळवावा. कळविल्याची पोच जपावी. सरकारी पत्र आले की ते देवापुढे ठेवून विसरू नये, सायंकाळी दिवा लागल्यावर ओळीने वाचावे. उत्पन्न वाढलेल्या वर्षी आलेला हप्ता सगळाच खर्ची न घालता थोडा बाजूस ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वसुलीचे पत्र आल्यास घरातील सुनेने किंवा मुलाने ते एकट्याने उशीखाली लपवून रडत बसू नये. ते सर्वांपुढे वाचावे. एकत्र कुटुंबाचा उपयोग सणासुदीस जितका, त्याहून अशा प्रसंगी अधिक. त्या दीड वर्षात भाचीच्या थोरल्या दिरांनी, न मागता, घरभाड्याचे दोन महिने भरले. त्यांची नोंदही कोणत्याच कोष्टकात झाली नाही.

देणाऱ्याचा मोठेपणा तो किती देतो यावर आजवर मोजला गेला. यापुढे, देताना चुकल्यास तो परत कसा मागतो, हेही लोक पाहतील. तिजोरीचे रक्षण व्हावे, हे मला मान्य आहे. पण ज्या हाताने पोराच्या तोंडात घास दिला, त्याच हाताने तो घास परत काढताना क्षणभर तरी थांबावे. आणि त्या क्षणात विचार करावा की, या घराने आपणांस फसविले, की याचे दिवस आपल्या कोष्टकात बसले नाहीत.